बोटाला लागलेलं मीठ

मी काळी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. लग्न होऊन तंजावरच्या मेलवीथीतल्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला दिव्याजवळ बसवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात चांगले आहेत, स्वयंपाक करील." म्हणजे तोंडाबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. मी स्वयंपाक केला. सासूबाई गेल्या तेव्हा कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, आणि त्या घरात काय शिजेल, किती शिजेल, कोणाच्या पानात किती पडेल हे माझ्या शब्दावर चालायला लागलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असे, आणि मला त्याचा अभिमानही होता.

मग धाकटी आली. माझ्या धाकट्या दिराची बायको. गोरी, बारीक, नाकात मोती असा शोभायचा की शेजारच्या मामी उगाचच काहीतरी मागायला येऊन तिला पाहून जायच्या. भाओजी इथल्या शाळेत मास्तर होते. ते तिला घरी तमिळ वाचायला शिकवत, आणि ती मला "अक्का, अक्का" करत मागे मागे फिरे. मी तिला कामं सांगे आणि ती करी. वाईट वागले असं नाही म्हणत. पण तिच्याकडे पाहिलं की मला त्या दिव्याजवळच्या दिवसाची आठवण येई, आणि मग भांडी जरा जोरात आपटली जात.

चार वर्षांनी ती काळवंडायला लागली. आधी हाताच्या रेघा. तळहातावरच्या रेघा शाईने ओढल्यासारख्या दिसायला लागल्या. मग कोपरं, बोटांची पेरं, ओठ. हिरड्यांवर डाग आले. उन्हात न जाता ही सावळी कशी झाली, कोणाला कळेना. बाया म्हणाल्या, दृष्ट लागली. मी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. खरं सांगू? काढताना मला आतून बरं वाटत होतं. घ्या आता, म्हटलं. आता दोघी सारख्याच. असं वाटून घेणारी बाई त्या घरात राज्य करत होती.

आणि मग मीठ कमी व्हायला लागलं.

मीठ दगडी भांड्यात असे, खडेमीठ, वर लाकडी झाकण. मी महिन्याचं भरून ठेवी आणि मला माझा अंदाज होता. पंधरा दिवसांत तळ दिसला. लोणच्याच्या बरणीतला खारही उतरलेला. ताकातल्या मिरच्या वाळवायला घातल्या होत्या, त्यांचं खारट ताक कोणीतरी पिऊन टाकलं. मी दबा धरून बसले. दुपारी सगळे आडवे झाल्यावर धाकटी स्वयंपाकघरात आली, झाकण उचललं, खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभी राहिली. लहान मूल गूळ चोखतं तशी.

तेव्हाच हाक मारून विचारता आलं असतं, "अगं, काय होतंय तुला?" पण मी उचलली जीभ लावली टाळ्याला. रात्रीच्या पंगतीत पुरुषांना वाढताना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या घरात उंदीर झालेत हो. मीठ खाणारे उंदीर. मेले गोरे होते ते काळे झाले." आमचे हे हसले. कोणीतरी म्हणालं, डोहाळे तर नाहीत? धाकटीला मूल नव्हतं, आणि नाही याचं तिला काय वाटे हे मला चांगलं ठाऊक होतं. ती दाराशी तूप घेऊन उभी होती. तिने तूप वाढलं, आत गेली. त्यानंतर तिने मिठाला हात लावला नाही. भांडं मी कोठीत नेऊन कुलूपही लावून टाकलं होतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी ती विहिरीपाशी पडली.

उलट्या, हातपाय गार, नाडी सापडेना. भाओजींनी मद्रासला शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरला आणलं. ते डॉक्टर आत असताना मी देवघरात पाटावर बसले होते. मीठ बंद केल्याने असं झालं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. मी बोलले ते तिला लागलं आणि ती मरायला निघाली, एवढंच मला वाटत होतं. आणि घाबरून मी नवस बोलले.

कुंभकोणाजवळ एक देव आहे, त्याच्या नैवेद्यात मीठ नसतं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. देवाची बायको वयाने अगदी लहान, तिला मीठ घालायचं कळत नव्हतं, म्हणून देवाने सांगितलं, मी अळणीच खाईन. तिथे मिठाचा पदार्थ घेऊन आत जाता येत नाही. मी म्हणाले, "देवा, ही वाचली तर तुझ्या दारी येऊन तीन दिवस अळणी खाईल."

खाईल, म्हणाले मी. खाईन नाही. आजही त्या एका गोष्टीपाशी येऊन अडते. चूक माझी, जीभ माझी, घाबरले मी, आणि देवाला कबूल केलं तिचं पोट.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिच्या हिरड्या पाहिल्या होत्या, तळहात पाहिले होते, दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला होता. त्यांनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपी घातल्यासारख्या दोन लहान ग्रंथी असतात. हिच्या सुकल्यात. त्यांच्यातून जो रस येतो तो नसला की अंगात मीठ टिकत नाही, भोक पडलेल्या घागरीतून पाणी जावं तसं जातं. अंग काळं पडतं तेही त्यामुळेच. "त्या मीठ मागत असतील," ते म्हणाले. "खूप मागत असतील. देत होता ना?"

भाओजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच वाईट वाटलं. पाहिलं असतं तर मी चिडून काहीतरी बोलले असते.

उपाय दोन होते. एक, सुई. लहान लहान काचेच्या कुप्या मद्रासहून यायच्या, त्या विलायतेहून आलेल्या असत. सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड. दुसरा उपाय मीठ. जेवणातल्या मिठाखेरीज रोज दोन चमचे, लिंबाच्या पाण्यात विरघळवून. "सुई एखादी चुकली तर मी बघून घेईन," डॉक्टर म्हणाले, "मीठ चुकवू नका."

आठ दिवसांत धाकटी उठून बसली. महिनाभरात चालायला लागली. ओठांवरचा काळेपणा थोडा उतरला. भाओजी रोज सकाळी स्वतः पेला घेऊन जात. त्यांनी मिठाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून रेघा मारल्या होत्या, एक रेघ म्हणजे एक दिवस. औषधाच्या दुकानात मिक्श्चर देतात तशी. मिठाला असा मान मिळालेला मी जन्मात पाहिला नव्हता.

मी सुधारले असं वाटलं असेल तुम्हाला. जित्याची खोड ती. त्या कुप्यांमधलं औषध गुराढोरांच्या ग्रंथींचा अर्क काढून करतात, हे डॉक्टर बोलता बोलता बोलून गेले. झालं! मला कारण मिळालं. धाकटीने सोवळ्यात यायचं नाही, माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही, देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. तिचं ताट-वाटी वेगळं केलं. भाओजी म्हणाले, "वहिनी, औषधाला कसला विटाळ?" मी म्हणाले, "तुम्ही शाळेत शिकवा, घरात शिकवू नका." तिने मात्र वाद घातला नाही. ती मुकाट्याने उंबऱ्याबाहेर बसून फुलं गुंफायची.

पुढे लढाई सुरू झाली आणि विलायतेचा माल येईना. डॉक्टरांकडे कुप्या थोड्याच उरल्या. आठवड्याला एकच देऊ, म्हणाले, आणि पुन्हा तेच: मीठ चुकवू नका, आता सगळी भिस्त मिठावर आहे.

त्याच उन्हाळ्यात माझ्या डोक्यात नवस फिरायला लागला. देवाने आपलं काम केलं, आपण नाही केलं. कुप्या मिळत नाहीत हा त्याचाच कोप, असं मी म्हणायला लागले. मला ते पटलंही होतं. पण त्याच्या आत, अगदी तळाशी, दुसरं काहीतरी होतं. सकाळी भाओजी तो पेला दोन्ही हातांनी धरून तिच्या खोलीत जात, तीर्थ न्यावं तसं. माझ्या उभ्या जन्मात मला कोणी पाण्याचा पेला आणून दिला नव्हता. तिचा तो पेला तीन दिवस तरी बंद पडावा, असं मला वाटत होतं. ही लाज मी कोणत्या तोंडाने सांगू? पण सांगितलीच पाहिजे, नाहीतर लिहायला बसायचंच कशाला.

भाओजींच्या शाळेच्या परीक्षा होत्या, त्यांना निघता येईना. आमचे हे पापनाशमला शेतावर. मी म्हणाले, मी नेते तिला. सुई दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी निघू, पाचव्या दिवशी परत. भाओजी घुटमळले. "नवसाचं अळणी जेवण देवळात होऊ दे," म्हणाले, "पण उतराल त्या घरी हिने मिठाचं पाणी घ्यायचंच. देवाच्या हद्दीबाहेर घेतलं तर देव काही म्हणणार नाही. तुम्ही लक्ष ठेवाल ना वहिनी?" आणि त्यांनी मोजून भरलेली बाटली माझ्या हातात दिली. सोबत सहा लिंबं, फडक्यात बांधून.

"मी आहे ना," म्हणाले मी.

लिंबं पिशवीत घातली. बाटली कोठीत नेली, लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली आणि कुलूप लावलं. विसरले नाही. घाईत राहिली नाही. ठेवली.

गाडीत पापनाशम मागे पडल्यावर धाकटीने विचारलं, "अक्का, बाटली कुठल्या पिशवीत आहे?" मी म्हणाले, "नवस म्हणजे नवस. अर्धा देवाचा आणि अर्धा डॉक्टरचा असा नसतो. तीन दिवसांत कोणी मरत नाही." ती खिडकीबाहेर पाहायला लागली. भात कापून झालेली शेतं, कालव्यात पाणी नाही, नुसता रखरखाट. बाहेर पाहतच म्हणाली, "बरं, अक्का." धाकटी जाऊ मोठ्या जावेला दुसरं काय म्हणणार?

देवळाजवळ एका म्हाताऱ्या मामीच्या घरी आम्ही उतरलो. यात्रेकरूंना ती तिण्णेमागची, म्हणजे बाहेरच्या ओट्यामागची, खोली देत असे. पहिला दिवस बरा गेला. अळणी दहीभात, अळणी पोंगल. धाकटीने देवाला फुलं वाहिली, तोंडावर निवांतपणा होता. मला वाटलं, बघा, देव आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, आणि पदराच्या टोकाची गाठ सोडत होती. मी पाहिलं. गाठीत चार खडे मीठ. घरून निघतानाच बांधून आणलं असणार. म्हणजे बाटलीचं काय होणार हे तिला माझ्याआधीच माहीत होतं.

"शी! देवाच्या दारात चोरून आणलंस?" मी ओरडले. "इथे मीठ आणायचं नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं!" ती म्हणाली, "अक्का, पायात गोळे येताहेत. एकच खडा." हात पुढे केला. मी ते चारही खडे तिच्या पदरातून काढून घेतले, देवळाच्या तळ्यावर गेले आणि पाण्यात टाकले. टाकून वर पायरीवर उभी राहिले आणि देवाला हात जोडले! माझ्या अंगात तेव्हा केवढं पुण्य भरलं होतं म्हणून सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. मी म्हणाले, ऊन बाधलं. दुपारी पाणी पोटात ठरेना. उन्हं उतरायच्या सुमाराला ती मला ओळखेनाशी झाली. "आई, उंदीर नाही गं मी," असं पुटपुटायला लागली. हात धरला तर गार, आणि त्या काळ्या रेघा तळहातावर अशा उठून दिसत होत्या.

तेव्हा माझी अक्कल जागेवर आली. मी मामीकडे धावले. नेमकी दिवेलागणीची वेळ. मामी समई घासून वाती लावत होती.

"मामी, मूठभर मीठ द्या. लगेच."

मामीने वात हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "दिवा लागताना मीठ? घरातली लक्ष्मी कोणी बाहेर देतं का, बाई? आणि तेही या देवाच्या दारात?"

मीच हे शेजारणींना शंभरदा ऐकवलं होतं. दिवे लागल्यावर मीठ देऊ नये, मीठ हातावर देऊ नये, भांडण होतं. एकदा एका बाळंतिणीच्या घरून मागायला आले होते, तेव्हा त्यांनाही मी असंच दारातून परत लावलं होतं, आणि वर त्यांनाच शहाणपण शिकवलं होतं. मी मामीचे पाय धरले. रडत, अर्धं तमिळ, अर्धं मराठी, सगळं सांगितलं. नवस, बाटली, तळं. आडून आडून नाही, 'मी केलं' असं म्हणून सांगितलं. पुढे आयुष्यात पुन्हा कोणाला तसं सांगायला जमलं नाही.

मामी ऐकत होती. मग म्हणाली, "बायकोला मीठ घालता येत नाही म्हणून देवाने स्वतः मीठ सोडलं. बायकोला नाही सोडायला लावलं." आणि उठून समई हातात घेतली. "मी काही मीठ देणार नाही. मी तुळशीपाशी दिवा लावायला जाते. स्वयंपाकघराचं दार उघडं आहे. मला कमी ऐकू येतं."

मी परक्या बाईच्या स्वयंपाकघरात चोरासारखी शिरले. दगडी भांडं, वर लाकडी झाकण. आमच्यासारखंच. हात आत घातला तेव्हा मला धाकटी दिसली, डोळे मिटून उभी. मूठ भरून घेतली आणि पळाले.

लिंबू होतंच, भाओजींनी बांधून दिलेलं. पाण्यात मीठ विरघळवलं आणि चमचा चमचा तिच्या ओठांत घातलं. पहिलं बाहेर आलं. दुसरं ठरलं. पाण्यात विरघळायची वाट पाहवेना म्हणून मी एक खडा तिच्या तळहातावर ठेवला, सरळ हातावर, आणि तिची बोटं मिटली. तिने तो मुठीत धरून ठेवला. मामीने बैलगाडी आणवली. कुंभकोणाच्या इस्पितळापर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन ओठ खारट पाण्याने ओले करत होते, आणि बडबडत होते, "मरू नकोस गं, मेले, मरू नकोस." तिला अशीही शिवीच दिली मी. दुसरं बोलायला येतच नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी चढवलं, कुठून तरी एक कुपी मिळवली. दोन दिवस काही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. भाओजी तार मिळताच आले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"मिठाची बाटली कुठे गेली? मी मोजून दिली होती."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण धाकटी आधी बोलली. ओठ फुटलेले, आवाज कसाबसा.

"अक्कांनी माझ्याकडे दिली होती. मीच घरी विसरले."

एक पाऊल पुढे टाकायचं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. मी पदराने डोळे पुसले आणि गप्प राहिले. भाओजींना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते तिला बोलले. "तुला मरायचंय का? माझा तरी विचार करायचास!" ती ऐकून घेत होती. बोलणी तिने खाल्ली आणि मी तिथेच उभी राहून पाहिलं. मग मीच म्हणाले, "जाऊ द्या भाओजी, आजारी माणूस आहे." म्हणजे वर मोठेपणाही घेतला!

याच्यापेक्षा खाली माणूस जात नाही असं तुम्ही म्हणाल. मी गेले. आठ दिवसांनी घरी आलो. भाओजी तिला हाताला धरून आत नेत होते, तोवर मी धावत कोठीत गेले, कुलूप काढलं, बरण्यांमागची बाटली घेतली आणि तिच्या खोलीतल्या कोनाड्यात, फणीशेजारी नेऊन ठेवली. तिच्या खोटं बोलण्याला माझा पुरावा. मी वळले तर धाकटी दारात. भाओजी तिच्या मागे होते, त्यांना मी दिसले, बाटली दिसली. "बघ," ते तिला म्हणाले, "डोळ्यांसमोर होती." धाकटीने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं. आणि जाऊन खाटेवर बसली.

दुसऱ्या दिवशी भाओजींनी ती बाटली आणून माझ्या हाती दिली. "वहिनी, हिच्यावर आता भरवसा नाही. मी सकाळी शाळेच्या घाईत असतो. यापुढे मीठ तुमच्याच हाती. तुम्ही होतात म्हणून ती वाचली."

नाही म्हणायला कारण काय देणार होते?

तेव्हापासून रोज सकाळी पेला मी नेते. दोन चमचे सपाट, अर्धं लिंबू, पेलाभर पाणी. तिचं ताट माझ्या ताटांत आलं, उंबरा सुटला, स्वयंपाकघरात ती माझ्या शेजारी बसून भाजी चिरायला लागली. विटाळाचं मी पुन्हा नाव काढलं नाही. बाहेरून पाहणारे म्हणत, जावा असाव्यात तर अशा. शेजारच्या मामी आपल्या सुनांना माझं उदाहरण देत.

पण पहिल्याच सकाळी मी पेला पुढे केला, तेव्हा धाकटीने तो लगेच तोंडाला लावला नाही. उजव्या हाताचं एक बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. मग प्यायली. मला वाटलं, आज तेवढं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रागाने नाही, टोमण्याने नाही. कुंकू लावताना आरशात बघावं तितक्या सहज. बोट, जीभ, मग घोट. भाओजी असले तर त्यांच्यादेखत. त्यांना वाटे, तिला चव बघायची सवय आहे. त्यांनी एकदा चेष्टाही केली, "वहिनींच्या हातचं मीठ कधी कमी पडलंय का?" ती हसली. मी भांडी उचलायला आत गेले.

वर्षं गेली. लढाई संपली, कुप्या पुन्हा मिळायला लागल्या. साहेबाचं राज्य जाणार, जाणार असं तिण्णेवर बोलणं चालायचं. पेला आणि बोट काही थांबलं नाही.

भाओजी गेल्या वर्षी अचानक गेले, बसल्या जागी. मला हे लिहायला त्यांच्या जाण्याची वाट पाहावी लागली, यातच काय ते आलं. आणि दुसरंही कबूल करते. आमच्या घरातल्या मुलांना मराठी कळतं, पण वाचता येत नाही. ती तमिळ आणि इंग्रजी वाचतात. मला वडिलांनी बाळबोध अक्षर शिकवलं होतं. म्हणून मी हे मराठीत लिहिते आहे. कबूल तर करायचं, पण कोणाला वाचता येऊ नये! बघा, काय बाई आहे मी.

भाओजींचे दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला घेऊन तिच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसली होती. कपाळ मोकळं. मला वाटलं, आता तरी. आता ऐकणारं दुसरं कोणी नाही.

"धाकटे," मी म्हणाले, "त्या वेळची बाटली. मी मुद्दाम ठेवली होती. बरण्यांमागे. विसरले नव्हते."

बोलता बोलता पेला कलंडला आणि पाणी खालच्या बशीत सांडलं. तिने पेला माझ्या हातातून घेतला, खाली ठेवला, बशीतलं सांडलेलं पाणी पेल्यात परत ओतलं. मी वाट पाहत होते. रडेल, बोलेल, शिवी देईल. क्षमा करील असंही, खोटं कशाला बोलू, वाटलं होतं मला.

तिने बोट बुडवलं. जिभेला लावलं.

"आज आहे, अक्का," म्हणाली, आणि प्यायली.